टोपीतला कापूस

नरहर घारफळकरांनी आयुष्यात एकदाच कुणावर डोळे झाकून विश्वास ठेवला, तो लग्नात, मध्ये अंतरपाट धरलेला असताना. आणि तेव्हासुद्धा त्यांनी अंतरपाटाच्या खालून पलीकडचे पाय बघून घेतले होते, असं त्यांची बायको सुहासिनी सांगते. मुलगी पाहिली तीच उभी आहे की बदलली, याची खात्री करून घेत होते म्हणे. नरहरराव हे कधी नाकारत नाहीत. "बघायला काय पैसे पडतात?" एवढंच म्हणतात.

माणूस मुळात वाईट नव्हता. नोकरीनं त्याला तसं केलं होतं. पांढरकवड्याच्या कोर्टात ते नाझर होते. जप्त होऊन आलेला माल नाझराच्या कुलपात जातो. शिवणयंत्रं, सायकली, पाण्याचे पितळी गुंड, एकदा तर पिंजऱ्यासकट पोपट. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधायची, गाठीवर लाख ओतायची, लाखेवर मोहोर दाबायची. निकाल लागला की ज्याचं त्याला द्यायचं. नेणारा माणूस वस्तू उलटीपालटी करून बघतो आणि विचारतो, "हे आमचंच ना?" इतर ठिकाणचे नाझर हा प्रश्न रोज ऐकतात. नरहररावांना तो उभ्या नोकरीत कुणी विचारला नाही. निरोप समारंभात मिळालेली शाल त्यांनी कपाटात टाकून दिली, पण ही गोष्ट ते ओळख झालेल्या प्रत्येकाला सांगत. जगात कुणावरही संशय घ्यावा, आपल्यावर मात्र कुणाला घेता येऊ नये, असं त्यांचं साधं तत्त्व होतं.

निवृत्तीनंतर संशयाला काम उरलं नाही आणि घरच्यांचे हाल सुरू झाले. गॅसचं सिलिंडर आलं की ते भिंग घेऊन सील बघत. पपई कापलेली असली की कुणी कापली आणि का कापली. मुलगा सलील नागपूरहून फोन करायचा तर आधी म्हणायचे, "तूच बोलतोयस ना? हल्ली आवाज काढतात." सुहासिनीबाईंनी देवाला साकडं घातलं की या माणसाला काहीतरी उद्योग दे. देवानं टोपी दिली.

ट्रंकेच्या तळाशी त्यांच्या वडिलांची काळी टोपी सापडली. जुन्या कचेऱ्यांतून बाबू लोक घालायचे तशी, दाबून जमवलेल्या लोकरीची, नमद्यासारखी घट्ट. कसरीनं खाल्लेली, तेलकट, एका बाजूनं बसकी. नरहरराव आठवडाभर तिच्यामागे लागले. गव्हाचा कोंडा तव्यावर गरम करून चोळला, तेल कोंड्यानं ओढून घेतलं. चहाच्या किटलीच्या वाफेवर धरली तशी लोकर मऊ झाली. मग उलट्या पातेल्यावर ताणून बसवली, सुतळीनं आवळली, सुकू दिली. टोपी पुन्हा उभी राहिली. त्या दिवशी त्यांनी पपईची चौकशी केली नाही.

तिथून छंदच लागला. सुताराकडून सागवानी ठोकळे करून घेतले, मोठ्या डोक्याचे, लहान डोक्याचे. दाढीचे ब्रश धूळ झाडायला आले. डाग काढायला पांढरं पेट्रोल आलं. मऊ पडलेली कड ताठ करायला स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख आली, आणि लाखेचा वास आल्यावर नरहररावांना थेट कचेरीत बसल्यासारखं वाटायला लागलं. गावातून टोप्या येऊ लागल्या. कुणाच्या आजोबांची काळी टोपी, कुण्या रेंजरसाहेबाची हॅट, लग्नाच्या बँडवाल्यांच्या लाल टोप्या. पैसे ते घेत नसत. पण टोपी ठेवून घेताना जबाब घ्यावा तसे प्रश्न विचारत, चिठ्ठी बांधत, लाखेची मोहोर करत आणि गुपचूप आतल्या शिवणीत हिरव्या दोऱ्याचा एक टाका घालत. उद्या कुणी दुसरीच टोपी आणून "तुम्ही बदलली" म्हणाला तर? लोखंडी कपाटाची किल्ली जानव्याला.

"याची टोपी त्याच्या डोक्यावर करणारे लोक असतात," सुहासिनीबाई म्हणायच्या, "तुम्ही मात्र याची टोपी याच्याच डोक्यावर बसावी म्हणून जीव काढता."

कोकिळाबाई आल्या त्या दसरा होऊन गेल्यावर. राळेगावकडच्या एका खेड्यातल्या, घरची कपाशी, घरची तूर. बरोबर मुलगा अमर, तिशीतला, बसच्या वेळेसाठी सारखा मोबाईल बघणारा. बाईंनी पिशवीतून जुन्या धोतरात गुंडाळलेली वस्तू काढून टेबलावर ठेवली. नरहररावांनी धोतर उलगडलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. बदामी रंगाची, रुंद कडेची, रेशमी फीत लावलेली फेल्टची हॅट. मळली होती, कड लोंबत होती, माथ्यावर पावसाच्या डागांचे नकाशे होते. पण माल अस्सल होता.

"ही तुमच्याकडे कशी?" त्यांनी विचारलं.

"अमरच्या बाबाइची हाय, काकाजी. रामराव त्याइचं नाव. मागच्या साली गेले."

"ते ठीक. पण त्यांच्याकडे कशी आली?"

बाई हसल्या. "शंकरपटात. आमच्या लग्नाच्या सालची गोष्ट. आमची बैलाइची जोडी पयली आली. मालगुजाराच्या घरचे बाबासाहेब पाहाले आलते, त्याइनं खुशीत आपल्या डोक्शावरची काढली अन् याइच्या डोक्शावर ठेवली. मालगुजाराचं डोक्सं मोठं, याइचं लहान. नाकापर्यंत आली, समदे हासले."

बैलांच्या शर्यतीत रोख, भांडी, फार तर घड्याळ देतात. डोक्यावरची विलायती हॅट कोण देतो? नरहररावांनी चिठ्ठीवर नाव लिहिलं, पण पेन जरा अडखळलं.

"साजरी करून द्या," बाई म्हणाल्या. "वेचणीच्या पयल्या दिवशी हे घालत. औंदा अमर घालन. फकत एक करजा काकाजी, आतली कातड्याची पट्टी हाय ना, ते उघडू नका. बाहेरून काय करायचं ते करा."

"का?"

"आमचं हाय ते आतलं," बाई म्हणाल्या आणि पदर नीट करत उठल्या. अमर म्हणाला, "आई, बस जाईन," आणि मायलेक गेले.

आमचं हाय ते आतलं! नाझराला असं सांगणं म्हणजे मांजराला दुधाच्या भांड्याकडे पाठ करून बसायला सांगणं. चार दिवस नरहररावांनी नियम पाळला. कोंडा चोळला, वाफ दिली, मोठ्या ठोकळ्यावर चढवून माथा गोल केला, कड लाखेनं ताठ केली. डाग निघाले. खालून असा रंग आला, नुकत्या भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीचा, की सुहासिनीबाईही चहा घेऊन आल्या तर बघत उभ्या राहिल्या. पण काम करताना पट्टीवर बोट पडे आणि बोटाला आत काहीतरी लागे. गोल सगळीकडे, जाडसर, दाबलं तर दबणारं.

काय असेल? पांढरकवड्याहून टिपेश्वरचं जंगल लांब नाही. वाघाच्या मिशीचे केस ताईत म्हणून जवळ ठेवणारे लोक असतात, हे त्यांनी कोर्टात ऐकलं होतं. मेलेल्या वाघाची नखं कुठून कुठून निघाली, ते कागद त्यांनी स्वतः वाचले होते. हॅटची पट्टी ही तर जागाच तशी. पट जिंकल्याची गोष्ट सांगतात, विलायती हॅट दाखवतात, आणि आत हात लावू नका म्हणतात. उद्या फॉरेस्टवाले दारात आले तर माल कुणाच्या ताब्यात? नरहर घारफळकराच्या. मोहोर कुणाची? नरहर घारफळकराची. उभा जन्म दुसऱ्याचा माल सांभाळला आणि म्हातारपणी वाघाच्या मिशीपायी जामीन शोधायचा?

दुपारी सुहासिनीबाई भजनाला गेल्यावर त्यांनी दार लावून घेतलं आणि ब्लेडच्या टोकानं पट्टीचे टाके उसवले.

आत कापूस होता.

नुसता कापूस. घामानं पिवळा, काही ठिकाणी तपकिरी, दाबून दाबून पापुद्र्यांसारखा झालेला. त्यांनी तो सगळा काढला, भिंगाखाली बघितला, हुंगला. मिशी नाही, नख नाही, काही नाही. मोठं डोकं, लहान डोकं, म्हणून आतून भरलेला कापूस. एवढ्यासाठी केवढं गूढ! बाईंना मळक्या कापसाची लाज वाटली असेल, दुसरं काय. नरहररावांना हायसं वाटलं आणि थोडा रागही आला, जप्तीला गेल्यावर घर रिकामं निघावं तसा. आता उघडलंच आहे तर काम नीट करू, असं म्हणून त्यांनी पट्टीचं कातडं पुसून तेल दिलं. नवा स्वच्छ कापूस नंतर भरता येईल. जुन्या कापसाचे त्यांनी बोळे केले, पेट्रोलात बुडवले आणि बँडवाल्यांच्या टोप्यांचे डाग पुसले. बोळे छान होते. मुरलेला कापूस पेट्रोल धरून ठेवतो. काही बोळे काळे होऊन घंटागाडीत गेले, काही डब्यात राहिले.

आठवड्यानं कोकिळाबाईंचा फोन आला.

"झाली का टोपी, काकाजी? सोमवारी आमचं सीतादही हाय. दहीभात घेऊन वावरात जाऊ, पूजा करू, मंग वेचणी. सकाळीच येतो घ्याले."

"झाली, झाली. छान झाली."

"आतलं तसंच हाय ना? नाई, सहज इचारलं. तुम्ही कायले हात लावसान. लग्नाच्या सालापासून मी पयल्या वेचणीचा चिमूटभर कापूस त्या पट्टीत भरत आली. याइचं डोक्सं लहान ना. मागच्या सालचा दबला की औंदाचा घालायचा. घरात त्याइचा फोटोबी धड नाही काकाजी, तेवढंच हाय. सोमवारी औंदाचा घालतो अन् अमरच्या डोक्शावर ठेवतो."

फोन कधीच बंद झाला होता तरी नरहरराव तो कानाला धरून बसले होते. मग उठले आणि डबा उघडला. तळाशी काळे कडक बोळे होते, पेट्रोलचा वास मारणारे. बाकीचं एका माणसाचं आयुष्य घंटागाडीत गेलं होतं, आणि जाण्याआधी त्यानं बँडवाल्यांच्या टोप्यांचा घाम पुसला होता. त्यांना स्वतःची विलक्षण लाज वाटली. आणि लाजेच्या मागोमाग, सवयीनं, दुसरा विचार आला. कुणाला कळणार आहे?

पाहुण्यांच्या खोलीतली जुनी उशी त्यांनी उसवली. तिच्यातला कापूस पिंजला, चहाच्या पाण्यात बुडवला, काही कमी, काही जास्त, म्हणजे काही वर्षं फिकी दिसतील, काही गडद. ताटात पसरून गच्चीवर उन्हात ठेवला. जन्मभर ज्यांनी खोट्या वस्तू ओळखल्या, त्यांना खोटी वस्तू किती सुंदर करता येते, हे त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं.

"हे काय?" सुहासिनीबाई पापड घालायला वर आल्या होत्या.

"कापूस. वातींसाठी."

"चहाच्या वाती?" त्यांनी ताटाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "आणि उशी कुणी फाडली? उंदीर ब्लेडनं फाडत नाहीत."

"तुला प्रत्येक गोष्टीत संशयच," नरहरराव म्हणाले. आपल्या तोंडून हे वाक्य निघालेलं ऐकून ते स्वतःच दचकले. सुहासिनीबाई त्या दिवसापासून चहाची पूड हातात घेऊन बघू लागल्या.

सोमवारी सकाळी मायलेक आले. नरहररावांनी टोपी ठोकळ्यावर ठेवली होती, वर पांढरं फडकं. रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. खाई त्याला खवखवे. बाई पट्टी दाबून बघतील, हुंगतील, टाके मोजतील. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्यांनी तयार ठेवलं होतं. वाफेनं कापूस फुगतो. वाफेनं वास जातो. टाके सैल होते म्हणून पक्के केले.

फडकं काढल्यावर कोकिळाबाईंनी तोंडावर हात ठेवला. "अई माय! पटातून आणली तवा अशी होती." त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी पट्टी दाबली नाही. टाके बघितले नाहीत. मोहोरसुद्धा बघितली नाही, दोरी तोडून बाजूला टाकली.

"बघून घ्या एकदा, आतून," नरहरराव म्हणाले. त्यांना राहवलं नाही.

"काय पाहाचं? तुमच्याकडे ठेवली म्हंजे देवापाशी ठेवली. समदे सांगतात, घारफळकरबाबूकडून वस्तू बदलून येत नाही."

हे वाक्य ऐकायला नरहरराव कधीही वीस मैल चालत गेले असते. आज ते मान खाली घालून फडक्याची घडी घालत राहिले.

बाईंनी पदराच्या गाठीतून औंदाचा पांढराशुभ्र कापूस काढला, निघताना वावरातल्या पहिल्या फुटलेल्या बोंडाचा खुडून घेतलेला, अजून सरकीसकट. सरकी दातानं सोडवून टाकली. पट्टीच्या मागे जिथून त्या नेहमी भरत, तिथला टाका सोडवला आणि चिमूट आत सरकवली. मग त्यांच्या मनात काय आलं कोण जाणे, बोट खोल घालून तळाचा थोडा कापूस बाहेर ओढला. गडद तपकिरी. चांगला मुरलेला चहा होता तो.

"अमर, हात कर," त्या म्हणाल्या. "हे तुह्या जन्माच्या सालचं दिसून राह्यलं. त्या साली पाऊस नव्हता, बोंडं ही एवढीशी. तुले पाठीशी बांधून वेचला मी. तुह्या बाबानं हाच घाम गाळला पाह्य."

आल्यापासून मोबाईल बघणाऱ्या अमरनं मोबाईल खिशात ठेवला. तळहातावरचा कापूस त्यानं दोन्ही डोळ्यांना लावला, मग कपाळाला. आणि नाकाशी नेऊन त्यानं लांब श्वास घेतला, बापाचा वास येतो का ते बघायला.

"तो नाही," नरहरराव म्हणाले.

दोघांनी वर पाहिलं.

"तो माझ्या घरच्या उशीतला आहे. चहानं रंगवलेला. तुमचा मी काढला. बाई, मला वाटलं आत वाघाची मिशी असेल, काही चोरीचं असेल. तुम्ही उघडू नका म्हणालात म्हणून उघडली. त्याचे बोळे केले. बरेचसे कचऱ्यात गेले. हे एवढे उरलेत." त्यांनी डबा पुढे केला.

सुहासिनीबाई दारात पाण्याचे पेले घेऊन उभ्या होत्या. अमरनं तळहात झटकला नाही, त्याला त्या कापसाचं काय करावं ते कळेना. कोकिळाबाईंनी डब्यातला एक बोळा उचलला, नाकाशी नेला. पेट्रोल. त्यांनी सगळे बोळे वेचून पदरात घेतले, एकही ठेवला नाही, आणि गाठ मारली. मग हॅट मांडीवर उलटी करून त्यातला उशीचा कापूस काढून टेबलावर ठेवला, सगळा. औंदाची पांढरी चिमूट तेवढी आत राहू दिली.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. नरहररावांनी त्याचीही उत्तरं तयार ठेवली होती.

"घाल," त्यांनी अमरला सांगितलं.

अमरनं हॅट डोक्यावर ठेवली. ती सरळ खाली आली आणि कानांवर टेकली. बदामी, ताठ, झकपक. डाग नाही, वास नाही, रामरावांच्या बोटांनी पुढची कड जिथे वाकली होती ती वाकसुद्धा नाही. नरहररावांनी ती लाख लावून सरळ केली होती.

कोकिळाबाई बघत राहिल्या. मुलाकडे नव्हे, टोपीकडे. मग त्यांनी ती त्याच्या डोक्यावरून काढली, उलटी केली, सुलटी केली, फितीवरून अंगठा फिरवला. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. नरहररावांनी असे चेहरे कोर्टाच्या बाकावर बसलेल्या लोकांचे पुष्कळ पाहिले होते, पण ते नेहमी दुसऱ्याकडे बघत असत.

"काकाजी," त्या म्हणाल्या, "टोपी तरी आमचीच हाय ना?"

नरहरराव लगबगीनं पुढे झाले. त्यांनी पट्टी उलटवून आतली शिवण दाखवली. "हे बघा, हा हिरवा टाका. तुम्ही दिलीत त्याच दिवशी घातलाय. खूण आहे ती."

बाईंनी टाक्याकडे पाहिलं.

"तो त तुम्हीच घातला ना," त्या म्हणाल्या आणि टोपी धोतरात गुंडाळू लागल्या.